दारातली वटवाघळं: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

जून-जुलै आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येतेच: गाड्यांवर हे जांभळे डाग कसले? उत्तर साधं आहे. कंपाउंडला लागून असलेल्या अशोकाच्या रांगेला फळं धरतात, रात्री वटवाघळं ती खायला येतात आणि बिया-चोथा खाली टाकून जातात. मात्र या तक्रारीमागोमाग दुसरा प्रश्न येतो, आणि तो भीतीचा असतो. यांच्यापासून रोग होतो ना? मग झाड तोडायचं का?

नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना मी गेली काही वर्षं हेच समजावतोय. महापालिका, वनविभाग, दवाखाना अशा फेऱ्या झाल्या, सभेत वादही झाले. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: वटवाघळापासूनचा धोका बहुतेक वेळा आपल्या हातांमधून येतो. उघड्या हाताने धरायचं नाही आणि त्यांना त्यांच्या जागेवरून हाकलायचं नाही, ही दोन पथ्यं पाळली की भीतीचं कारण फारसं उरत नाही.

१. आधी शेजारी कोण आहे ते ओळखा

पुण्यात साधारण तीन प्रकारची वटवाघळं दिसतात आणि प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी आहे.

दिवसाढवळ्या उंच झाडावर शेकड्यांनी उलटी लटकलेली, तांबूस मानेची, पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरणारी ती मोठी फळखाऊ वटवाघळं. नदीकाठची, कॅम्पातली आणि जुन्या आवारांमधली मोठी झाडं त्यांना लागतात. सूर्य मावळला की ती रांगेने बाहेर पडतात आणि फळांच्या शोधात कित्येक किलोमीटर जातात. तुमच्या घरात ही येणार नाहीत.

दुसरी आखूड नाकाची छोटी फळखाऊ. ती ताडामाडाच्या पानांत किंवा अशोकाच्या दाट फांद्यांत पाच-दहाच्या गटाने राहतात. बाल्कनीत पेरूचे किंवा देशी बदामाचे अर्धे खाल्लेले तुकडे सापडत असतील, तर ते यांचंच काम.

तिसऱ्या त्या चिमुकल्या पाकोळ्या. वजन दहा रुपयांच्या नाण्याहूनही कमी. या फक्त किडे खातात, त्यात डासही आले. शटरच्या पेटीत, खिडकीच्या एसीमागे, दोन इमारतींमधल्या सांध्याच्या फटीत, पत्र्याखाली त्या राहतात. घरात चुकून शिरते ती बहुतेक वेळा हीच. फटीखाली भिंतीवर तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या तर त्या एकदा चिमट्याने किंवा काडीने दाबून बघा. पाकोळीची लेंडी वाळली की भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकाकणारे तुकडे दिसतात. उंदराची लेंडी कडक राहते. बोटांनी मात्र दाबू नका.

रक्त पिणारी वटवाघळं फक्त मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत सापडतात. आपल्याकडे ती नाहीत. केसांत अडकतात, ती आंधळी असतात, घरात आली तर अपशकुन होतो, यातलं काहीही खरं नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण घाबरलेलं मूल झाडू उचलतं आणि मग चावा बसतो.

२. धोका नेमका कुठे आहे

इथे थोडं थांबून वाचा, कारण ‘काही होत नाही’ आणि ‘सगळे मरू’ ही दोन्ही टोकं मी सभेत ऐकली आहेत.

निपाह: या विषाणूचं नैसर्गिक घर म्हणजे मोठी फळखाऊ वटवाघळं. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो डुकरांमार्फत माणसांत आला. भारतात २००१ साली सिलिगुडीला आणि २००७ साली पश्चिम बंगालच्याच नदिया जिल्ह्यात उद्रेक झाले. २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडला १७ जण दगावले. तिथल्या नमुन्यांची खात्री आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केली होती. याच संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि काहींमध्ये निपाहचा पुरावा सापडल्याचं पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं. बातमी आली आणि पुण्यातल्या सोसायट्या हादरल्या. पण त्या बातमीचा अर्थ नीट घ्या. त्या वटवाघळांचा विषाणूशी संबंध आला होता, एवढाच तो होता. त्या वेळपर्यंत महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची एकही नोंद नव्हती. डोक्यावरून उडत गेलेल्या वटवाघळापासून निपाह होत नाही. त्यासाठी त्याची लाळ किंवा लघवी तुमच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत जावी लागते, किंवा आजारी माणसाशी, जनावराशी जवळचा संपर्क यावा लागतो.

करोना: २०२० मध्येच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासात केरळ, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचल प्रदेशातल्या काही फळखाऊ वटवाघळांत करोना गटातले विषाणू सापडले. ते कोविडचे विषाणू नव्हते आणि ते माणसाला बाधतात असा पुरावा संशोधकांना मिळाला नाही. ‘करोना’ हा एका मोठ्या कुटुंबाचा शब्द आहे, हे विसरून तेव्हा काही ठिकाणी वटवाघळांची झाडं तोडायची भाषा झाली.

रेबीज: भारतात तो प्रामुख्याने कुत्र्याकडून होतो. अमेरिका खंडात मात्र वटवाघळांकडून माणसांना रेबीज होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणून चावा किंवा ओरखडा किरकोळ समजायचा नाही. त्याबद्दल चौथ्या पायरीत लिहिलं आहे.

हिस्टोप्लाझ्मोसिस: हा बुरशीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार. साचलेली जुनी विष्ठा कोरडी झाडली की तिच्या धुळीतून बीजाणू श्वासात जाऊ शकतात. भारतात याचे रुग्ण मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात आढळतात, पण बंद माळा साफ करताना काळजी घ्यायला हवीच. मधुमेही, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा स्टेरॉइडवर असलेले लोक यांनी हे काम अंगावर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात फळखाऊ वटवाघळं आणि निपाहच्याच कुळातला हेंड्रा विषाणू यांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. खाद्य आटलं, अधिवास गेला की वटवाघळं वस्तीजवळ येतात आणि विषाणू जास्त प्रमाणात बाहेर टाकतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे फटाके लावून, धूर करून किंवा झाड तोडून त्यांना हुसकावलं तर आपण धोका वाढवत असतो. माझा सगळा आग्रह या एका कारणासाठी आहे.

३. घरात शिरलं तर

हे बहुधा संध्याकाळी दिवे लागल्यावर किंवा पावसाळ्यात होतं.

• सर्वांत आधी पंखा बंद करा. घरात शिरलेलं वटवाघूळ पंख्याला आपटून मरू शकतं.
• मुलं, मांजर, कुत्रा यांना बाहेर काढून खोलीचं आतलं दार लावा आणि दाराखालच्या फटीत टॉवेल सरकवा.
• खिडकी पूर्ण उघडा. डासांची जाळी असेल तर तीही काढा किंवा सरकवा. पडदे बाजूला करा.
• खोलीतला दिवा मालवा आणि बाहेर पडा. पंधरा-वीस मिनिटांत पाकोळी बहुतेक वेळा आपली आपण जाते.
• पडद्यावर किंवा भिंतीवर चिकटून बसली असेल आणि दिवस असेल, तर संध्याकाळपर्यंत वाट बघा.

तरीही हलली नाही तर जाड चामड्याचे हातमोजे घाला. तिच्यावर पुठ्ठ्याचं रिकामं खोकं हळूच पालथं धरा, मागून जाड कागद सरकवा आणि खोकं बाहेर झाडाच्या खोडाला किंवा उंच कठड्याला टेकवून उघडा. जमिनीवर सोडू नका, कारण बऱ्याच वटवाघळांना सपाट जागेवरून उडता येत नाही. रबरी किंवा पातळ सर्जिकल मोजे पुरत नाहीत, दात त्यांतून आरपार जातात.

एक अपवाद आवर्जून सांगतो. ज्या खोलीत तान्हं बाळ, खूप आजारी माणूस किंवा झोपेचं औषध घेतलेली व्यक्ती झोपली होती, तिथे सकाळी वटवाघूळ सापडलं तर चाव्याची खूण दिसो न दिसो, डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला. पाकोळीचे दात इतके बारीक असतात की खूण उमटतेच असं नाही.

घरात एका पिशवीत कायम ठेवावं असं सामान: चामड्याचे हातमोजे, झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं, जुना सुती टॉवेल, बॅटरी, दोन-तीन एन-९५ मास्क, पोव्हिडोन आयोडीनची बाटली.

४. चावलं किंवा ओरखडलं तर

लगेच नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण माणसं दोन मिनिटांत थांबतात. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही भरू नका आणि पट्टी घट्ट बांधू नका. लाळ डोळ्यात किंवा तोंडात उडाली असेल तर भरपूर पाण्याने धुवा.

त्याच दिवशी दवाखाना गाठा. ससून, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय अशा सरकारी ठिकाणी रेबीजची लस मिळते. केसपेपर काढताना ‘प्राणी चावला’ एवढंच लिहू देऊ नका, ‘वटवाघूळ’ असं लिहायला सांगा. बरोबर न्या: आधार कार्ड, आधी कधी रेबीजची लस घेतली असेल तर त्याचं कार्ड, चालू औषधांची यादी आणि शक्य असल्यास प्राण्याचा दुरून काढलेला फोटो. फोटोसाठी त्याच्या मागे धावू नका.

इथे एक अडचण येते. आपल्याकडे वटवाघळाचा रेबीज क्वचितच चर्चेत येत असल्याने काही डॉक्टर लस गरजेची नाही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र वटवाघळाच्या थेट संपर्काला सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. त्या श्रेणीत लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) देतात. हे शांतपणे डॉक्टरांसमोर मांडा आणि निर्णय त्यांच्याकडून लेखी घ्या. लस घ्यावी असंच माझं मत आहे. त्वचेत टोचायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. तिसऱ्या डोसनंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडून देणारे बरेच असतात. तसं करू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या.

५. विष्ठा साफ करायची पद्धत

गाडीवरचे किंवा बाल्कनीतले ताजे डाग म्हणजे साधं काम: पाणी, साबण, पुसायचं फडकं, मग हात धुणं. त्यासाठी घाबरायचं काही नाही.

बंद माळ्यावर किंवा शटरच्या पेटीत महिनोन्‌महिने साचलेला थर असेल तर पद्धत बदलते. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा. एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे. साबणाचं पाणी स्प्रेने हलकेच मारून थर पूर्ण भिजवा. झाडू नाही, घरचा व्हॅक्यूम क्लीनर नाही, जोराचा फवारा नाही, कारण या तिन्हींनी धूळ उडते. भिजलेला थर पत्र्याच्या तुकड्याने खरवडून दोन पिशव्यांत घट्ट बांधा. शेवटी जागा जंतुनाशकाने पुसा.

ती पिशवी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात तशीच देऊ नका. वर कागद चिकटवून काय आहे ते लिहा आणि तोंडी सांगा. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई ओला-सुका कचरा हाताने वेगळा करतात. त्यांच्या फुप्फुसांची काळजी ही आपलीच जबाबदारी आहे.

६. फळं, नीरा, पाण्याची टाकी

झाडाखाली पडलेलं, दातांच्या खुणा असलेलं किंवा चिरलेलं फळ खायचं नाही. खराब भाग कापून उरलेलं खायचंही नाही. चांगलं फळ धुऊन, शक्य तिथे सोलून खा. अंगणातला पेरू, चिकू वाचवायचा असेल तर एकेका फळाला कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. झाडावर सैल नायलॉनची जाळी टाकू नका. तिच्यात पंख अडकून वटवाघळं तडफडतात आणि मग ती सोडवताना माणसाला चावा बसतो. जाळीच हवी असेल तर बोट आत जाणार नाही इतक्या बारीक विणीची आणि ताणून बांधलेली.

बांगलादेशात निपाहचा मुख्य मार्ग खजुरीचा कच्चा रस हा ठरला आहे. रात्रभर उघड्या मडक्यात रस साचतो आणि वटवाघळं येऊन तो चाटतात. तिथे मडक्याभोवती बांबूच्या चटया बांधायला सुरुवात झाली. आपण त्यातून एवढंच घ्यावं: गावाकडे गेल्यावर शिंदीच्या झाडावरून उतरवलेली, रात्रभर उघडी राहिलेली नीरा थेट पिऊ नका. मडकं झाकलेलं होतं का, हे विचारा.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसतंय का, ते बघा. तुटलेल्या झाकणाच्या टाकीत पाकोळी पडून मरते.

७. जमिनीवर पडलेलं किंवा मांजात अडकलेलं

मोठ्या वटवाघळांना साधारण फेब्रुवारी ते मे या काळात पिल्लं होतात, एका मादीला एकच. पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तोही हाच काळ. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये झाडाखाली धापा टाकणारी वटवाघळं आणि आईपासून सुटलेली पिल्लं सापडतात. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाने पंख चिरलेली सापडतात.

उचलू नका. तोंडात पाणी, दूध, ग्लुकोज घालू नका. हवेला भोकं पाडलेलं खोकं वरून पालथं ठेवा, म्हणजे कुत्री-कावळे दूर राहतील आणि सावली मिळेल. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पुण्यात जखमी वन्यप्राण्यांसाठी ‘रेस्क्यू’ ही संस्था काम करते, तिलाही कळवता येतं. ठिकाण, जवळची खूण, प्राण्याचा आकार आणि कुणाला चावा बसला आहे का, ही चार उत्तरं तयार ठेवा. मेलेल्या आईला पिल्लू चिकटलेलं असू शकतं, म्हणून मेलेलं दिसलं तरी एकदा लांबून पोटाकडे नजर टाका.

विजेच्या तारेवर लटकलेलं असेल तर काठीने पाडायचा प्रयत्न अजिबात नको. महावितरणला कळवा.

मेलेलं वटवाघूळ उचलावंच लागलं तर फावड्याने उचलून दोन पिशव्यांत बांधा. पण एकाच झाडाखाली अचानक बरीच मेलेली दिसली, तर काहीही न हलवता वनविभाग आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला सांगा. कारण उष्णता, विष की आजार, हे त्यांनी तपासायचं असतं.

८. फटीतल्या पाकोळ्यांना बाहेर काढायचं असेल तर

शक्य असेल तर राहू द्या, असंच मी म्हणेन. खाली पुठ्ठा लावला की लेंड्यांचा प्रश्न मिटतो. काढायचंच असेल तर दिवसा फट लिंपून टाकू नका. आत अडकलेल्या मरतात, कुजतात, किंवा वाट शोधत घरात येतात. पेस्ट कंट्रोलवाल्यालाही विष मारू देऊ नका.

आधी बॅटरीने बघा, आत पिल्लं आहेत का. या पाकोळ्या वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वितात, त्यामुळे महिना बघून अंदाज बांधता येत नाही. पिल्लं असतील तर काही आठवडे थांबा. नसतील तर फटीवर वरून आणि बाजूंनी पक्की, खालून सैल अशी बारीक जाळी लावा. संध्याकाळी पाकोळ्या खालून सटकतात, परत आत शिरायला त्यांना वाट मिळत नाही. चार-पाच रात्री बाहेर काहीच पडलं नाही याची खात्री झाली की मगच सिलिकॉन किंवा सिमेंटने फट बुजवा.

ट्रेकला जाणाऱ्यांसाठीही जाता जाता: गडावरच्या आणि लेण्यांमधल्या बंद, अंधाऱ्या दालनांत वटवाघळं असतील तर आत शिरू नका, तिथे डबा उघडून जेवू नका, फ्लॅश मारून त्यांना उडवू नका.

९. सोसायटीच्या सभेत झाडाचा विषय निघाला तर

निघतोच. त्यासाठी कायदा माहीत हवा. पूर्वी फळखाऊ वटवाघळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू झाला. त्यामुळे ‘ती तर उपद्रवी यादीत आहेत’ असं कुणी जुना कागद दाखवून म्हणालं तर हे सांगा. सांधेदुखीच्या तेलासाठी वटवाघळं मारणाऱ्यांनाही हा कायदा लागतो, आणि वटवाघळं कापताना होणारा रक्ताचा संपर्क हा या लेखातला सर्वांत मोठा धोका आहे.

झाडाचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड तुमच्या आवारात असलं तरी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फांद्या छाटायच्या तरी आधी उद्यान विभागाला विचारावं लागतं. अर्जाला जोडायचे कागद: सोसायटीच्या लेटरहेडवर अध्यक्ष-सचिवांच्या सहीचा अर्ज, सभेच्या ठरावाची प्रत, झाडाचे सगळ्या बाजूंचे फोटो, जागेचा साधा नकाशा आणि कोणती फांदी कशासाठी ते कारण. झाडावर वटवाघळांची वसाहत असेल तर तेही अर्जात लिहा. लपवलं तर छाटणीच्या दिवशी काम थांबतं.

आमच्या सभेत ‘तोडा’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घातला तेव्हा भूतदयेचा मुद्दा फारसा चालला नाही. चालला तो हा: पार्किंगवर येणाऱ्या फांद्या तेवढ्या परवानगीने छाटू, तीन गाड्यांच्या जागा बदलू, बाकीच्यांना कव्हर घेऊ, आणि झाडाखालचा वाळूचा खड्डा, जिथे लहान मुलं खेळतात, तो दुसऱ्या बाजूला हलवू. या सगळ्याचा खर्च झाड तोडण्याहून कमी आला. ठराव मांडताना ‘झाड वाचवा’ असा न मांडता या चार कामांची यादी, प्रत्येकाचा खर्च आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून मांडा. छाटणीची तारीख पिल्लांचा काळ सोडून, म्हणजे फेब्रुवारी ते मे टाळून मागा, आणि फांदीवर एकही वटवाघूळ बसलेलं नाही हे त्या सकाळी स्वतः बघितल्याशिवाय करवत चालू करू देऊ नका.